शीर्षकसंगीत, कुकरच्या शिट्टीसकट

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आधी नव्हता, आता नाही, आणि या वयात नव्याने बसेल अशी लक्षणंही नाहीत. या सदरात मी जे वाचत आलेय... पांढऱ्या साडीतली बाई, घाटातलं वळण, पाय उलटे असलेला रिक्षावाला... ते वाचून मला भीती वाटत नाही, कीव येते. इतक्या वर्षांत त्या बाईला कोणी दुसऱ्या रंगाची साडी घेऊन देऊ नये? मी आयुष्यभर सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासलं. बाटलीत जे आहे तेच तपासणीत सापडतं, बाहेरून काही येत नाही — एवढीच माझी श्रद्धा.

मग हे लिहितेय कशाला? तर शेजारच्या धाग्यावर सध्या जो गहिवर चाललाय त्यामुळे. ‘आपली आवडती शीर्षकगीतं — कालची आणि आजची.’ शेकडो लोक पाझरतायत. कोणाला ब्लॅक अँड व्हाइटच्या काळातली ती रडकी सुरावट ऐकली की आजोबा आठवतात. (मला फक्त अँटेना फिरवायला गच्चीवर कोण जाणार यावरून झालेली भांडणं आठवतात.) कोणाला रविवार सकाळचे शंख हवेत. कोणाला केबल आल्यानंतरची, सिंथेसायझरवर बडवलेली, दाराची बेल बिघडल्यासारखी वाजणारी गाणी ‘आमच्या पिढीची’ वाटतात. त्यानंतर सासवा-सुनांच्या मालिका आल्या — पदर उडतोय, दार उघडतंय, आणि मागे दहा बाया एकदम दाढ दुखल्यासारख्या ‘आऽऽ’ करतायत. आता तर शीर्षक सुरू झालं की ते गाळायचं बटणच देतात. या क्षेत्रातली मला दिसलेली ही एकमेव प्रगती.

तर त्या धाग्यावर एका महाशयांनी लिहिलंय — ‘जुनं टायटल म्युझिक ऐकलं की गेलेली माणसं परत भेटतात.’

खाली दोनशे बदाम. मी ते वाचलं आणि नेहमीप्रमाणे एक झणझणीत उत्तर लिहायला घेतलं. ते पूर्ण होईना. कारण त्या वाक्याला मूर्खपणा म्हणायचा पूर्ण हक्क मला आहे की नाही, याबद्दल मला एका रविवारपासून शंका आहे. ती शंका इथे मांडते आणि मोकळी होते. एक विनंती — मी जन्मापासून हैदराबादची. माझ्या मराठीत इथलं काहीबाही येतं. पुण्याच्या मंडळींनी लाल पेन खिशातच ठेवावं.

आम्ही तेव्हा काचीगुड्याला राहायचो, स्टेशनपासून जवळच. भाड्याचं घर, वरचा मजला, खाली पद्मम्मा नावाची तेलुगू शेजारीण. उदारीकरण सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. म्हणजे काय झालं होतं, तर जुना टीव्ही देऊन नवा घ्या अशा जाहिराती लागल्या होत्या आणि गच्च्यागच्च्यांवरून काळ्या वायरी लोंबकळायला लागल्या होत्या. घरात मी, माझा नवरा माधव आणि माझे सासरे. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचे. त्यांचं गाव नांदेडकडचं, घरी शेती. निजामाच्या राज्यात तरुणपणी इकडे आले आणि रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चिकटले. सासूबाई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

सासूबाईंवर माझं फार प्रेम होतं असा गैरसमज नको. आमचं पटत नव्हतं. भांडणही नव्हतं. भांडायला जेवढी जवळीक लागते तेवढीसुद्धा आमच्यात नव्हती. मी सकाळी डबा घेऊन लॅबला जायची, त्या दिवसभर घर सांभाळायच्या, आणि संध्याकाळी मी चपला काढते न काढते तोच आतून हाक यायची — “सुनंऽऽदा...” त्यातला मधला ‘नं’ असा लांबायचा की पुढे काय येणार ते कळायचं. मीठ जास्त झालंय, दूध तसंच राहिलंय, पद्मम्माला वाटी परत दिली नाही. ‘सुनंदा’ म्हणून पुढे काही बरं बोलल्याचं मला आठवत नाही. एका दुपारी मी लॅबमध्ये असताना, चहा पिता पिता गेल्या. निरोप ठेवायला वेळ मिळाला नाही आणि मिळाला असता तरी माझ्यासाठी ठेवला असता असं नाही.

आता त्या शीर्षकसंगीताबद्दल.

सासूबाई होत्या तेव्हा रविवारी सकाळी एक मालिका लागायची. नाव लिहीत नाही, नाहीतर तुम्ही लोक नेटवरून शोधून इथे चिकटवाल आणि परत रडाल. खेड्यातल्या एका मोठ्या खटल्याची गोष्ट होती. दर भागात कोणीतरी रुसायचं आणि दर भागात कोणीतरी विहिरीकडे बघत बसायचं. सुरुवातीला सारंगी, मग बैलांची घुंगरं, मग एक बाई शब्दांशिवाय आळवायची. मामंजींना ती सुरावट इतकी आवडायची की मालिका सुरू झाली की त्यांचं अर्धं लक्ष जायचं. त्यांचा कार्यक्रम तिथेच संपलेला असायचा.

म्हणून माधवने एका रविवारी टीव्हीसमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवला आणि सगळ्यांना श्वास घ्यायची बंदी केली. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. सारंगी झाली, घुंगरं झाली, बाई आळवायला लागली... आणि स्वयंपाकघरात कुकरने शिट्टी मारली. पाठोपाठ सासूबाई खड्या आवाजात ओरडल्या, “माधवाऽ, गॅस बारीक कर रे!” माधवने चिडून खट्कन बटण दाबलं. झालं रेकॉर्डिंग. मी खाली आले तेव्हा मायलेकांची जुंपली होती. परत रेकॉर्ड करू म्हणाला, केलं नाही. माझ्या नवऱ्याची सगळी कामं अशीच.

पुढे मालिका संपली, सासूबाई गेल्या, आणि त्यानंतर मामंजींची आठवण विरत चालली. जेवले की नाही ते आठवायचं नाही. मला कधी ओळखायचे, कधी “बाई, तुम्ही कोणाकडे आलात?” म्हणून विचारायचे. पण रविवार बरोबर कळायचा. आंघोळ करून, केस विंचरून टीव्हीसमोर खुर्चीत. टीव्हीवर धुण्याच्या पावडरी आणि नाचणारी पोरं. मग ते अस्वस्थ व्हायचे. “हे नक्को. माझं लाव.”

माधवने एकदा ती कॅसेट लावून पाहिली. सारंगी, घुंगरं, बाई, शिट्टी, “माधवाऽ, गॅस बारीक कर रे!” — खट्. मामंजी शिट्टी झाली की मान स्वयंपाकघराकडे वळवायचे, आवाज ऐकायचे, आणि शांत होऊन म्हणायचे, “बास.” आठवडाभर त्रास नाही. म्हणजे आमच्या घरात दर रविवारी दोन मोठे पुरुष एका कुकरच्या शिट्टीसाठी जमायचे. त्यातल्या एकाचे डोळे भरून यायचे — तोच, जो मूळ प्रसंगी याच वाक्यावरून आईवर खेकसला होता. मी पेपर वाचत बसायची.

त्या रविवारी माधव चुलतभावाच्या लग्नासाठी बीदरला गेला होता. सकाळीच करंट गेला. आमच्याकडे वीज जात नाही, करंट जातो. लाइन दुरुस्तीसाठी दुपारपर्यंत बंद, बरंच शहर बंद, असं पद्मम्मा ओरडून सांगून गेली. टेपरेकॉर्डरमधले सेल कधीच संपलेले. माधव ‘आणतो’ म्हणाला होता.

मामंजी तयार होऊन बसले. “माझं लाव.”

“करंट गेलाय मामंजी. आल्यावर लावते.”

“आजच असतं ते.”

“अहो, करंट नाही. हे बघा.” मी त्यांच्यासमोर बटण दाबून दाखवलं. कॅसेट आत होती, चाक फिरलं नाही.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच मुद्दाम करतेय. “करंट गेला म्हणून तिनं बोलायचंच नाही का?”

तेवढ्यात केबलवाल्याचा माणूस आला. करंट नसताना याला मुहूर्त सापडला होता. वायर कुठून घेऊ, खिळा कुठे मारू, म्हणून तो मला गच्चीवर घेऊन गेला आणि जे त्याला आधीच ठाऊक होतं ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मी खाली आले तर दार सताड उघडं आणि खुर्ची रिकामी.

बाथरूम बघितलं. मागची खोली बघितली. जिन्यात त्यांची एक चप्पल पडली होती, एकच.

पद्मम्मा खाली आंबाडीची भाजी निवडत बसली होती. “मामगारू? वो तो गए ना सुनंदम्मा. मैं समझी तुमीच भेजे.”

“किधर गए?”

“उधर. मैं पूछी, किधर जा रै जी? बोले, इधर नहीं लगा, कहीं तो लगा होंगा.”

घरात लागलं नाही, तर ज्या घरात लागलं असेल तिथे जाऊन ऐकायचं. तेव्हा मला तो वेडेपणा वाटला. खरं म्हणजे त्या माणसाने त्या दिवशी केलेला तोच एक सरळ विचार होता.

आमच्याकडे फोन नव्हता. माधवला कळवणार कसं? मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला, पद्मम्माला दारात बसवलं आणि सायकलरिक्षा केली. नाक्यावरच्या इराणी हॉटेलातला माणूस म्हणाला, हौ, एक बुजुर्ग गेले, एका पायात चप्पल, प्रत्येक घरासमोर थांबत होते. “कान लगा के सुन रे थे. मेरेकू बी पूछे, किसके घर में लगा है?” सुलतान बाजारच्या तोंडाशी एका फुलवालीने हेच सांगितलं. कान लावून उभे राहतात, मान हलवतात, पुढे जातात. कोणी त्यांना थांबवलं नाही. कोणीही नाही. रस्त्यावरचा म्हातारा म्हणजे आपल्याकडे हवामानासारखा असतो, बघायचं आणि सांगायचं, झालं.

गौलीगुड्याच्या बस स्टँडपाशी मी रिक्षा थांबवायला लावली. ते अर्ध्या पिंपासारखं अवाढव्य पत्र्याचं छप्पर, त्याखाली चारी दिशांच्या बसेस, आणि या माणसाला आपलं नाव सांगता येईल याची खात्री नाही. चढले असतील एखादीत तर? खिशात चिठ्ठी नाही, पैसा नाही. मी घाबरले होते, हे लिहायला मला लाज वाटत नाही. भुताला नव्हे. माधव बीदरहून येईल आणि विचारेल, “दादा कुठायत?” — त्याला. आणि त्या अनवाणी पायाला.

टोपलीत जाम — म्हणजे पेरू — घेऊन बसलेल्या बाईने हात केला. म्हातारा बसकडे गेलाच नाही. बेगम बाजारकडे वळला.

यातही अमानवीय काही नाही, लक्षात घ्या. वर्षाची मिरची, चिंच, हळद भरायला नवरा-बायको दोघं दरसाल बेगम बाजारात जायची. पाय ओळखीच्या वाटेने जातात. इथपर्यंतचं सगळं मी कोणत्याही वर्गात शिकवू शकेन.

रविवारी तिथली घाऊक दुकानं बंद असतात. एरवी जिथे हमालांच्या धक्क्यांनी माणूस आपोआप पुढे जातो, तिथे शुकशुकाट. शटर, शटर, शटर. मिरचीचा खकाणा मात्र सुटी घेत नाही, नाकात शिरतोच. एका गल्लीच्या तोंडाशी लाकडी खोक्यावर एक रखवालदार पुठ्ठ्याने वारा घेत बसला होता. माझ्या वयाचा असेल, मेंदी लावलेली दाढी.

“किसकू ढूंढ रै अम्मा?”

मी सांगितलं. त्याने पुठ्ठ्यानेच आत दाखवलं. “अंदर हैं. कांटे के पास बैठे. मैं बोला बैठो बाबा, थक गए दिसते.”

मी रिक्षा थांबवून आत शिरले. आणि चार दुकानं ओलांडली असतील नसतील, मला सारंगी ऐकू आली.

पहिली प्रतिक्रिया सांगते — संताप. वाटलं, करंट आला, कोणा रिकामटेकड्याच्या घरी टीव्ही लागला. मग आठवलं, मालिका बंद होऊन काही वर्षं झालीत. मग वर बघितलं. गल्लीत दोन्हीकडे गोदामं. खिडक्यांना आतून पोती लावलेली. आवाज उजवीकडच्या वरच्या मजल्यावरून येत होता. मी तिथे पोचले तर तो पुढच्या घरातून. तिथे गेले तर त्याच्या पुढच्या. मोठा नव्हे... शेजारच्या घरी लागल्यावर भिंतीतून येतो ना, तसा. घुंगरं. मग ती बाई आळवायला लागली. रस्ता वळला, आणि वळणापलीकडे मामंजी दिसले.

पोती तोलायचा मोठा लोखंडी काटा होता. त्याच्या फळीवर ते बसले होते, गुडघ्यांवर हात, पाठ ताठ. समोर बंद शटर. त्या शटरकडे ते टीव्हीकडे बघावं तसे बघत होते.

मी हाक मारणार तेवढ्यात शिट्टी झाली. कुकरची.

जागा तीच. बाईचा सूर वर चढतो आणि टिपेला पोचायच्या आत शिट्टी त्याला कापते, तीच जागा. आणि मग — “माधवाऽ, गॅस बारीक कर रे!”

मी भिंतीला हात लावला. भिंत उन्हाने तापली होती, तळहाताला चटका बसला, म्हणजे मी झोपेत नव्हते. आता ‘खट्’ होईल म्हणून मी वाट बघत राहिले. त्या कॅसेटवर यानंतर खट् होतं आणि संपतं. मी ते शंभरदा ऐकलंय, पेपरामागून.

खट् झालं नाही.

बाई आळवत राहिली. सूर टिपेला गेला — आम्ही कधीच न ऐकलेला, कारण माधवने बटण दाबलं होतं. घुंगरं परत आली. भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. मग, जरा जवळून, पदराला हात पुसत दारात आल्यासारखं —

“सुनंऽऽदा...”

आणि मी, एम.एस्सी., रसायनशास्त्र, भर सकाळी, बेगम बाजारच्या बंद गल्लीत मोठ्यांदा म्हणाले, “ओ! आले आई!”

सगळं थांबलं. विझत विझत नव्हे. दिवा घालवावा तसं. एक कबुतर फडफडलं तेवढंच.

मामंजींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी त्यांनी मला ओळखलं, यात शंका नाही, कारण असा तुच्छतेचा कटाक्ष माणूस फक्त घरच्यांना देतो.

“मधे कशाला बोललीस?”

“मामंजी...”

“सांगत होती की ती.”

“काय सांगत होत्या?”

“तेच तर ऐकत होतो.” ते उठले, गुडघे चोळले, आणि माझा हात न घेता चालायला लागले.

गल्लीच्या तोंडाशी मी रखवालदारापाशी थांबले. नमुना कसा घ्यायचा हे मला कळतं, आपल्याला हवं ते उत्तर प्रश्नात घालायचं नसतं. मी एवढंच विचारलं, “अभी कुछ सुना क्या आपने?”

“गाना? हौ, बजा ना. अब्बीच बंद हुआ.” तो हसला. “कुकर की सीटी बी बजी. भूक लग गई मेरेकू.”

“यहां कौन रहता है?”

“इधर कौन रहते अम्मा? सब गोदामां हैं. चूहे रहते.”

“और कुछ सुना?”

“कोई अम्मा किसी कू बुलाए. नाम लेके.”

“क्या नाम?”

त्याने दाढी खाजवली. “वो तो याद नै. औरतां का नाम था. आप जवाब दिए ना? फिर आपकाच होंगा.”

मी मामंजींना रिक्षात घालून घरी आणलं.

आता तुमच्यापैकी अर्ध्या लोकांचं मन कुठे धावतंय ते मला दिसतंय. गॅस! घरी गॅस चालू राहिला असणार, सासूबाईंनी सावध केलं, घर वाचलं, जय हो! नाही. गॅस मी निघतानाच बंद केला होता, वर लिहिलंय, नीट वाचत चला. घरी सगळं जागच्या जागी होतं. पद्मम्मा दारात बसून आंबाडी निवडत होती. ते वाक्य त्या दिवशी कोणाच्याही, कशाच्याही उपयोगाचं नव्हतं. मेलं म्हणून माणूस एकदम मुद्द्याचं बोलायला लागतं असं दिसत नाही.

दुपारी करंट आला. मी कॅसेट लावली. सारंगी, घुंगरं, बाई, शिट्टी, गॅस बारीक कर रे, खट्. पुढे फक्त सूं सूं. दुसरी बाजूही ऐकली, तिथे माधवच्या मावसबहिणीचं मंगळागौरीचं गाणं होतं. आतल्या खोलीतून मामंजी ओरडले, “बंद कर ते. ते अर्धंच आहे.”

त्यानंतर त्यांनी ती कॅसेट कधीच मागितली नाही. रविवारी आंघोळ करून बसायचे, पण टीव्हीसमोर नाही, रस्त्याकडच्या खिडकीत. दीडएक वर्षाने गेले, झोपेत, शांतपणे. त्या गल्लीत काय ऐकलं, हे मी त्यांना अनेकदा विचारलं. कधी म्हणायचे, “कोणती गल्ली?” आणि कधी नुसतं हसायचे, एखाद्याला बक्षीस मिळालंय आणि तो दाखवत नाही तसं.

माधवला सांगितलं तेव्हा त्याने डोळे पुसले आणि विचारलं काय, तर, “शेवटी परत माझं नाव घेतलं का गं तिनं?”

“नाही. माझं.”

दोन दिवस फुगून होता. आईवर रागावला होता की माझ्यावर, ते त्यालाच ठाऊक.

बाकी स्पष्टीकरणांची काही कमी नव्हती. पद्मम्मा म्हणाली, आत्मा अडकलाय, नारळ फोडा. अडकायला जगात बेगम बाजारचं मिरचीचं गोदाम सापडलं? अमेरिकेतला भाचा म्हणाला, मामी, स्ट्रेसमध्ये मेंदू असे खेळ करतो. मी म्हटलं, आणि रखवालदाराचा मेंदू? त्याला कसला स्ट्रेस होता, तो तर वारा घेत होता. म्हणाला, सजेशन. ज्या माणसाला मी काही सुचवलंच नाही त्याला सजेशन! मग म्हणाला, कोणीतरी सेलवर टेप लावला असेल. असेल ना. आमच्या घरातली कॅसेट, आमच्या घरात असताना, बंद गोदामात, आणि त्यावर जे कधी रेकॉर्डच झालं नाही त्यासकट. शिकलेली माणसं नारळवाल्यांपेक्षा बरी असं मी समजत होते. फरक एवढाच की नारळ निदान खाता येतो.

आणि माझं स्पष्टीकरण? नाही माझ्याकडे. पाण्यात काय आहे ते सापडलं नाही तर आम्ही अहवालात ‘आढळले नाही’ लिहायचो, ‘नाही’ लिहायचो नाही. तेवढंच लिहू शकते.

सासूबाई काय सांगणार होत्या, याबद्दल मात्र माझा अंदाज आहे. मीठ. किंवा दूध. किंवा कोणाची तरी वाटी. दुसरं काय असणार? इतक्या वर्षांत कधी काही वेगळं निघालं नव्हतं, ते नेमकं त्या दिवशी निघणार होतं थोडंच?

तरी पुढच्या रविवारी मी घरात सांगितलं की हळद आणायची आहे, आणि बेगम बाजारला गेले. त्या वळणापलीकडे काट्याच्या फळीवर बसले. शटरकडे बघत. खकाण्याने शिंका आल्या, परत आले. त्याच्या पुढच्या रविवारीही गेले. त्याच्याही पुढच्या. दरवेळी मनाशी ठरवून जायची, की या खेपेला हाक आली तर ओ द्यायची नाही, तोंड बंद ठेवायचं, पूर्ण बोलू द्यायचं.

काही रविवारांनंतर तो मेंदीच्या दाढीचा रखवालदार मला लांबूनच बघून मान हलवायला लागला. “आज बी नै बजा, अम्मा.”

मी त्याला ठणकावून सांगितलं की मी गाणं ऐकायला येत नाही, मी हळद घ्यायला येते.

तो पुठ्ठ्याने वारा घेत राहिला. मग जरा सरकून त्याने खोक्यावर मला बसायला जागा केली.

“इतवार कू दुकानां बंद रहते, अम्मा,” तो म्हणाला.